करंगळीकडे जाणारं रक्त

त्रिशला मगदूमचे हात पाहिले की सांगलीच्या शाळेतल्या नव्या मुली आधी दचकायच्या आणि मग फिदीफिदी हसायच्या. उजवी तर्जनी मधल्या पेरापासून बाहेरच्या बाजूला वळलेली, डाव्या अंगठ्याचं नख कायमचं काळं, आणि दोन्ही तळव्यांवर घट्टे. ती मात्र दागिने दाखवावेत तसे हात पसरून दाखवायची. "याला म्हणतात मुरलेला हात. हा असा झाल्याशिवाय विकेटच्या मागं उभं राहायचं नाव काढायचं नाही."

नऊ वर्षं ती राज्याच्या संघाची कीपर होती. चोविसाव्या वर्षी भारतीय संघाचं बोलावणं आलं आणि निघायच्या आठवडाभर आधी ती तर्जनी मोडली. तिच्या जागी दुसरी मुलगी गेली आणि पुढची दहा वर्षं तिथंच ठाण मांडून बसली. ही गोष्ट त्रिशला रडत सांगायची नाही, हसत सांगायची, पण वर्षातून चार वेळा तरी सांगायची. मग खेळाची शिक्षिका झाली, लग्नाच्या भानगडीत पडली नाही, आणि भावाच्या मुलीला, चंदनाला, नवव्या वर्षी हातात चेंडू देऊन मोकळी झाली.

हात मुरवण्याची तिची एक पद्धत होती. तिच्या सरांनी तिला शिकवली होती आणि त्यांना त्यांच्या सरांनी. दरवर्षी जून महिन्यात एकवीस दिवस ग्लोव्ह्ज बाजूला ठेवायचे, आतले पातळ सुती मोजे तेवढे घालायचे, आणि पाण्यात भिजवून जड केलेला चेंडू रोज दोनशे वेळा झेलायचा. तळवे लाल व्हायचे, सुजायचे, दहाव्या दिवशी बधिर व्हायचे. बधिर झाले की त्रिशला खूश. "बघ, मुरायला लागले." झेल संपले की पितळेच्या घंगाळात कढत पाणी, त्यात मूठभर मीठ आणि चमचाभर हळद, आणि त्यात वीस मिनिटं हात बुडवून बसायचं. हा शेक. चंदनाचे वडील, अजित, हळदीच्या पेठेतले व्यापारी, त्यामुळे हळदीला तोटा नव्हता. शेक घेताना त्रिशलाआत्ती पोरीची बोटं एकेक करून चोळून द्यायची आणि दोघींच्या गप्पा रंगायच्या. चंदना आत्तीकडेच राहायला आली ती त्या गप्पांपायी, असं अजित थट्टेनं म्हणायचा.

एकोणिसाव्या वर्षी चंदना राज्याची कीपर झाली. त्याच वर्षी, म्हणजे २०४० साली, पाटी आली.

पाटी मिरजेच्या डॉ. वहिदा मुजावर यांनी बनवली होती. रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रिया करण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांच्याकडे गॅरेजमधले मेकॅनिक यायचे, हाताची कड हातोडीसारखी वापरून चाकाच्या वाट्या ठोकून बसवणारे. कुणाची करंगळी पांढरी पडलेली, कुणाची काळी. हळूहळू हँडबॉल खेळणाऱ्या मुली यायला लागल्या, व्हॉलीबॉलवाले आले, कराटेवाले आले आणि मग कीपर आले. आजार सगळ्यांचा एकच.

राज्यातल्या सगळ्या प्रशिक्षकांना बोलावून डॉक्टरांनी तो समजावून सांगितला होता. त्यांनी स्वतःचा तळवा वर करून करंगळीच्या खालच्या मांसल उंचवट्यावर बोट ठेवलं. "इथून एक धमनी जाते. करंगळीला, अनामिकेला रक्त पोचवते. बाकी सगळ्या अंगात निसर्गानं धमन्या खोल लपवल्यात, इथं मात्र तो विसरला. वर कातडी, थोडी चरबी, बस्स. आणि बरोबर खाली आकड्यासारखं एक हाड. म्हणजे चेंडू झाला हातोडा, हाड झालं ऐरण, आणि मध्ये ही बिचारी. एका फटक्यानं काही होत नाही. हजार फटक्यांनीही कळत नाही. पण आतलं अस्तर खरचटत जातं. खरचटलं की तिथं रक्ताची गाठ धरते. गाठीचा बारीक तुकडा सुटला की तो वाहत वाहत बोटाच्या टोकाला जाऊन बसतो. मग बोट गार पडतं, पांढरं होतं. आणि वेळेवर कळलं नाही तर मरतं."

"पण कीपरला ग्लोव्ह्ज असतात की," त्रिशला मागच्या रांगेतून म्हणाली.

"असतात. ग्लोव्ह्ज कातडी वाचवतात ताई. फटका आत जातोच. आणि हात बधिर झाला तर त्याला मुरणं म्हणू नका. ती धोक्याची घंटा असते."

बाजूच्या दोन-तीन जणांनी त्रिशलाकडे वळून पाहिलं. तिची कानशिलं तापली.

पाटी दिसायला अगदी साधी. शाळेच्या पाटीएवढी काळी काच. तिच्यावर तळवे टेकवायचे. काच मिनिटभर विहिरीच्या पाण्याइतकी गार व्हायची. गारव्यानं सगळ्यांच्याच बोटांतल्या रक्तवाहिन्या आकसतात. मग काच पुन्हा कोमट होई आणि आतून लेझरचा मंद प्रकाश तळव्यात शिरे. वाहतं रक्त त्या प्रकाशात चमचमतं, थांबलेलं रक्त चमचमत नाही. कुठल्या बोटात रक्त किती लवकर परत आलं, यावरून पाटी शंभरपैकी गुण द्यायची. निरोगी हातात ते चार-पाच मिनिटांत धावत परत येतं. दुखावलेल्या हातात रेंगाळतं. क्रिकेट मंडळानं नियम केला: दर पंधरा दिवसांनी प्रत्येक कीपरची तपासणी. पन्नासच्या खाली गेली की सहा आठवडे ग्लोव्ह्जला हात लावायचा नाही. तीसच्या खाली गेली की कायमचंच बंद.

वर्षभरात त्या आकड्यानं सगळ्यांच्या डोक्यात घर केलं. वर्तमानपत्रं धावांच्या सरासरीशेजारी पाटीचे गुण छापायला लागली. कोल्हापूरच्या एका कीपर मुलीच्या लग्नाच्या बायोडेटात 'पाटी ८१' असं लिहिलेलं अजितनं स्वतः पाहिलं होतं. कीपर मुली भाजीची पिशवी उचलेनात, दारावर थाप मारेनात. सगळ्यात गंमत म्हणजे त्यांनी टाळ्या वाजवणं सोडलं. चुलतभावाच्या साखरपुड्यात सगळे टाळ्या वाजवत होते आणि चंदना हाताची घडी घालून उभी. एक म्हातारी आत्या चिडून म्हणाली, "हिला कौतुक नाही वाटतं कुणाचं?"

जूनमधलं हात मुरवणं मंडळानं बंद करायला लावलं. मैदानावर त्रिशलानं ते बंद केलं. घराच्या मागच्या अंगणात थोडंसं चालू ठेवलं. पूर्वी दोनशे असायचे, आता साठ. साठनं काय होतंय, असं ती स्वतःलाच सांगायची.

चंदनाचे पहिले गुण अठ्ठ्याऐंशी होते. सहा महिन्यांनी सत्तर. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, थंडीच्या एका सकाळी, मिरजेच्या दवाखान्यात पाटीवर आकडा उमटला: बावन्न.

डॉक्टरांनी तो बराच वेळ पाहिला. "नियमानं ही पास आहे," त्या म्हणाल्या. "पण माझी मुलगी असती तर मी आजच थांबवलं असतं. सहा आठवडे फार नाहीत. या वयात धमनी सावरते."

"सहा आठवड्यांत निवड होऊन जाईल डॉक्टर," त्रिशला म्हणाली. "भारताच्या संघाची. एकवीस तारखेला सामना आहे, निवड समिती बघायला येणार आहे."

"मला कल्पना आहे. म्हणून तर हुकूम करत नाही, सांगतेय."

चंदना आत्तीकडे बघत होती. लहानपणापासून तिची ही सवय, कुठलाही अवघड प्रश्न आला की आत्तीचा चेहरा वाचायचा. त्रिशला म्हणाली, "पन्नासच्या वर आहे ना? मग खेळायचं."

पुढची तपासणी अठरा तारखेला होती, सामन्याच्या तीन दिवस आधी. त्रिशलाला काही सुचेना. घरी आल्यावर तिनं कपाटातून पाटीचं माहितीपत्रक काढलं. वर्षभरापूर्वी सही करून घेतलं होतं, वाचलं होतं, विसरली होती. चौथ्या कलमात लिहिलं होतं: तपासणीच्या आधी दोन तास गरम पाण्यात हात घालू नये, व्यायाम करू नये, चहा-कॉफी घेऊ नये. ते कलम तिनं तीनदा वाचलं. का घालू नये, हे तिथं लिहिलेलं नव्हतं. पण त्रिशला काही खुळी नव्हती. थंडीनं आकसतात तर उष्णतेनं फुगत असणार, आणि एकदा चांगल्या फुगल्या की मिनिटभराच्या गारव्याला दाद देत नसणार. एवढं कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही.

अठरा तारखेला सकाळी तिनं घंगाळात पाणी काढलं.

"आत्ता?" चंदना म्हणाली. "आधी टेस्ट आहे ना आत्ती. चालतंय का हे?"

"अगं, थंडी किती पडलीय. गारठलेल्या हातानं जाशील तर गारठलेलेच गुण येतील. शेकानं कधी कुणाचं वाईट झालंय?"

चंदनानं हात पाण्यात घातले. त्रिशला बोटं चोळत राहिली. करंगळी इतरांपेक्षा गार लागली. ती तिनं जरा जास्त चोळली.

त्या दिवशी पाटीनं चौऱ्याहत्तर गुण दिले. डॉ. मुजावर इतक्या आनंदल्या की त्यांनी चंदनाच्या पाठीत धपाटा घातला. "बघ, सावरली! मी म्हटलं होतं ना, या वयात सावरते." फक्त जाता जाता त्यांनी तिची बोटं उलटसुलट करून पाहिली. "नखं पिवळी दिसतायत गं."

"हळदीच्या पेठेतली पोर आहे," त्रिशला पटकन म्हणाली. "घरभर हळदच असते." यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.

परतताना ती स्वतःची समजूत घालत होती. शेकानं रक्त खुलं होतं, मग खुलं झालेलं रक्त खोटं कसं? पाटी तेच तर मोजते. शेक रोज दिला तर हात बराही होईल. या विचारानं तिला इतकं बरं वाटलं की तो खरा आहे की नाही हे तिनं पुन्हा कधी तपासून पाहिलं नाही.

एकवीसच्या सामन्यात चंदनानं चार झेल घेतले आणि एक यष्टिचीत केलं. मार्चमध्ये नाव जाहीर झालं. अजितनं पेठेत पेढे वाटले आणि बहिणीच्या पायाला हात लावून म्हणाला, "अक्का, तुझं राहिलेलं हिनं पुरं केलं." त्रिशला त्या दिवशी देवळात जाऊन बराच वेळ बसली. आपल्याला रडू का येतंय हे तिला नीट सांगता आलं नसतं.

त्यानंतर वर्षभर दर पंधरा दिवसांनी घंगाळ निघत राहिलं. गुण कधी बहात्तर, कधी अठ्ठ्याहत्तर. मध्ये दोनदा चंदना म्हणाली, "करंगळी झोपल्यासारखी वाटते गं." एकदा म्हणाली, "कपबशी धरताना सुटते." त्रिशलानं दोन्ही वेळा शेक वाढवला. आपण हे थांबवावं असं तिला वाटलं नाही असं नाही. वाटलं. पण आता थांबवायचं तर का थांबवायचं ते सांगावं लागलं असतं, आणि ते सांगायचं तर पहिल्यापासून सांगावं लागलं असतं. दर पंधरवड्याला ते जास्तच अवघड होत गेलं.

पुढच्या मे महिन्यात संघ इंग्लंडला गेला. तिथं मे म्हणजे आपली कडाक्याची जानेवारी. संघाबरोबर पाटीही गेली होती. एका रविवारी दुपारी चंदनाचा व्हिडिओ कॉल आला. हॉटेलच्या न्हाणीघरात बेसिन भरून तिनं दोन्ही हात त्यात बुडवले होते आणि फोन आरशाला टेकवून ठेवला होता.

"आत्ती, इथं नळाला पाणी चांगलंच कढत येतंय. हळद आणलीय बाबांकडनं. अर्ध्या तासात टेस्ट आहे. तुझ्यासारखाच शेक घेते बघ."

त्रिशलाच्या अगदी ओठांवर आलं होतं: राहू दे आज. नुसते हात घेऊन जा, जे काय येईल ते येऊ दे. चंदनाचा चेहरा थकलेला दिसत होता आणि पाण्यातसुद्धा करंगळी इतर बोटांपेक्षा फिकी दिसत होती. की तसा भास झाला? फोनच्या पडद्यावर काय कळतं.

"मीठ किती घातलंस?" त्रिशलानं विचारलं.

"मूठभर."

"मग बरोबर."

गुण आले सत्त्याहत्तर. गुरुवारी सामना झाला. पन्नास षटकं चंदना विकेटमागं उभी राहिली. चाळिसाव्या षटकात एक उसळता चेंडू तळव्याच्या कडेवर आदळला. तिनं हात झटकला, पुढच्या चेंडूला पुन्हा वाकून बसली. संध्याकाळी उजवी करंगळी खडूसारखी पांढरी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी निळी आणि दुपारी काळी. धमनीतली मोठी गाठ फुटून तुकडे खाली उतरले होते. तिथल्या सर्जननी दोन वेळा शस्त्रक्रिया करून हात वाचवला. करंगळी मुळापासून गेली, अनामिका दुसऱ्या पेरापर्यंत गेली.

चंदना परत आली तेव्हा विमानतळावर तिनं आत्तीच्या गळ्यात हात टाकला आणि कानात म्हणाली, "त्या पाटीनं घात केला गं माझा." त्रिशलानं तिला घट्ट धरून ठेवलं. बोलायचं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. ती पोरीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

मग व्हायचं ते झालं. सत्त्याहत्तर गुण देणारी पाटी आणि चार दिवसांत गेलेली बोटं, एवढंच सगळ्यांना दिसत होतं. वाहिन्यांवर आठवडाभर तोच गदारोळ. मंडळानं देशभरातल्या पाट्या बंद केल्या आणि चौकशी समिती नेमली. डॉ. मुजावर समितीसमोर दोनदा गेल्या आणि दोन्ही वेळा एवढंच म्हणू शकल्या की का चुकलं ते मला सापडत नाही.

जुलैमधल्या एका दुपारी त्या सांगलीला त्रिशलाच्या घरी आल्या. दोन महिन्यांत दहा वर्षांनी म्हाताऱ्या दिसायला लागल्या होत्या. चंदना आत झोपली होती. त्रिशलानं चहा ठेवला. डॉक्टरांनी तो घेतलाच नाही.

"सहाशे मुलींच्या नोंदी पुन्हा काढल्या," त्या म्हणाल्या. "कुठंच चूक नाही. फक्त चंदनाची नोंद जुळत नाही. बावन्नावरून चौऱ्याहत्तर, पंधरा दिवसांत. तेव्हा मला आनंद झाला होता. खरं तर संशय यायला हवा होता. माझंच काही तरी राहून गेलंय. ताई, तुम्ही रोज तिच्याबरोबर होतात. वेगळं काही आठवतं का? औषध, मालिश, काहीही?"

त्रिशला उभी होती. तिनं ओट्याला टेकून घेतलं. "नाही," ती म्हणाली. "वेगळं काही नाही."

डॉक्टरांनी मान डोलावली. त्यांना अविश्वास वाटला असता तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "मला माझ्या यंत्राचं नाही वाटत हो. सोलापूरला एक पंधरा वर्षांची मुलगी आहे, रेश्मा. तिला एप्रिलमध्ये एकेचाळीस आले होते. मी थांबवलं होतं, आणि फेरतपासणी व्हायच्या आतच पाट्या बंद झाल्या. आता तिचे सर म्हणतात, पाटीच खोटी तर थांबायचं कशाला? सोमवारपासून तिला पुन्हा उभी करणार आहेत. मी फोन केला तर म्हणाले, मॅडम, तुम्ही आधी तुमचं बघा."

त्यांना फाटकापर्यंत सोडून त्रिशला मागं वळली तर दारात चंदना उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"बिचाऱ्या डॉक्टर," चंदना म्हणाली. "पण चूक ती चूक. आत्ती, समितीला मला पत्र द्यायचंय. डाव्या हातानं लिहायला जमत नाही अजून. तू लिहून घे. उद्या शनिवार, उद्या लिहू."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता दोघी जेवणाच्या टेबलाशी बसल्या. समितीला खेळाडूचं पत्र हाती लिहिलेलंच लागायचं, खाली स्वतःची सही. चंदना सांगत होती आणि त्रिशला लिहीत होती. शाळेत असताना चंदना निबंध असाच सांगायची, खिडकीबाहेर बघत, वाक्य मनात पुरं करून.

"मी, चंदना अजित मगदूम, वय एकवीस. माझ्या हाताची तपासणी दर पंधरा दिवसांनी नियमानं झाली. मी सगळ्या सूचना पाळल्या." ती थांबली. "लिहिलंस?"

त्रिशलानं 'सगळ्या सूचना' इथपर्यंत लिहिलं होतं. पेन तिथंच थांबलं होतं.

"आत्ती?"

"नाही पाळल्या," त्रिशला म्हणाली.

"काय?"

"दोन तास आधी गरम पाण्यात हात घालायचे नव्हते. पत्रकात लिहिलंय. चौथं कलम." तिचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटत होता. "शेकानं शिरा फुगतात. पाटीला मग आतली जखम दिसत नाही. बावन्न आल्यावर मी तपासणीआधी शेक द्यायला लागले तो त्यासाठीच. पाटी खोटं बोलली नाही चंदू. मी तिला खोटं बोलायला लावलं."

बाहेर रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

त्रिशलाला सोपं उत्तर द्यायचं होतं. मागाहून कळलं, हळूहळू लक्षात आलं, असं काहीतरी. गेलं वर्षभर ती स्वतःला तेच सांगत आली होती. "पहिल्या दिवसापासून," ती म्हणाली.

"मी विचारलं होतं तुला. चालतंय का, म्हणून विचारलं होतं."

"हो."

"इंग्लंडात मी तुला दाखवून हात घातले होते पाण्यात. तू मिठाचं विचारलंस."

त्रिशलाला वाटलं, पोर ओरडेल, टेबलावरचं काहीतरी भिरकावेल. तसं झालं असतं तर तिला ते सोसता आलं असतं. चंदना नुसती बघत होती, लहानपणापासून बघायची तशीच, आत्तीच्या चेहऱ्याकडे. फक्त आता ती त्यात काही शोधत नव्हती.

"तुझं राहिलं होतं म्हणून?" तिनं विचारलं.

"हो. आणि तुझंही राहू नये म्हणून. दोन्ही खरं आहे. पण पहिलं जास्त."

"बरं," चंदना म्हणाली. ती उठून खिडकीशी गेली. पाठमोरी उभी राहून तिनं उजवा हात डाव्या हातात धरला, जिथं बोटं नव्हती तिथं.

शेवटी चंदना परत आली आणि खुर्ची ओढून बसली. "नवा कागद घे."

"चंदू, मी स्वतः जाऊन सांगते समितीला. सोमवारी—"

"सोमवारी ती सोलापूरची पोरगी उभी राहणार आहे. आजच जायला पाहिजे पत्र. लिही."

त्रिशलानं नवा कागद घेतला.

"मी, चंदना अजित मगदूम, वय एकवीस. पाटी चुकली नव्हती. प्रत्येक तपासणीआधी माझे हात गरम पाण्यात शेकले जात होते. ते नियमाविरुद्ध आहे हे मला माहीत नव्हतं, कारण मी माहितीपत्रक वाचलं नाही. विचारलं होतं, आणि दिलेल्या उत्तरावर विश्वास ठेवला." ती शब्दाशब्दाला थांबत होती, लिहिणारीला वेळ मिळावा म्हणून. "कीपर मुलींनी पाटीवर विश्वास ठेवावा. डॉक्टर मुजावर यांचा यात काही दोष नाही. पाट्या ताबडतोब सुरू कराव्यात आणि सोलापूरच्या रेश्माला आज फोन करून थांबवावं. झालं?"

"झालं."

"पुढं लिही. हा शेक मला देत होती ती..." चंदनाचा आवाज इथं पहिल्यांदा अडखळला.

त्रिशला लिहीत होती. 'माझी आत्ती' हे दोन शब्द तिनं न सांगताच लिहून टाकले.

चंदनानं वाकून कागद पाहिला. "ते खोड," ती म्हणाली. "'माझ्या प्रशिक्षक, श्रीमती त्रिशला मगदूम' असं लिही."

त्रिशलानं दोन शब्दांवर रेघ मारली आणि सांगितलं तसं लिहिलं. स्वतःचं नाव लिहायला तिला कधी इतका वेळ लागला नव्हता.

चंदनानं पेन डाव्या हातात घेतलं. सही करताना कागद सरकू लागला म्हणून त्रिशलानं तो धरायला हात पुढं केला.

"राहू दे," चंदना म्हणाली. "मी धरते."

तिनं उजव्या हाताची उरलेली तीन बोटं कागदावर टेकवली, दुखत असणार, दाबून धरली, आणि डाव्या हातानं एकेक अक्षर काढत आपलं नाव लिहिलं.